चोवीस भोकं

पंतांच्या शेडमध्ये माझ्या टेबलासमोर खिळ्याला एक वितळलेली बाई टांगलेली होती. नखापेक्षा थोडी मोठी. डोक्यावर घागर, एक हात घागरीला, आणि दुसरा हात कोपरापासून पाकासारखा खाली ओघळलेला. ते माझं पहिल्या दिवसाचं काम. पंतांनी ती फेकली नाही. दोऱ्यात बांधली, भिंतीला खिळा ठोकला आणि म्हणाले, "रोज सकाळी आधी हिचं तोंड बघायचं, मग कामाला लागायचं." अकरा वर्षं मी तिचं तोंड बघितलं.

दत्तोपंत कुलकर्ण्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. माणूस मेला की लोक त्याच्याबद्दल बरं बोलायला लागतात. मला ते जमत नाही. पंत खडूस होते, तोंडानं वाईट होते, आणि माझ्या आळीवर त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवा रंग मारला होता. ते आधी सांगते, मग बाकीचं.

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून भांडखोर आहेत. गावात वर भैरोबाचं देऊळ, त्याच्या शेजारी कुलकर्ण्यांचं घर, मग पाटलांची आळी, आणि सगळ्यांत खाली, गंगेच्या, म्हणजे आमच्या नदीच्या, अंगाला, आमची खालची आळी. बारा घरं. आम्ही उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजं आणि काकड्या लावायचो, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या रानात राबायचो. घरं मातीची, वर पाचट. पूर आला की एखादी भिंत बसायची, दिवाळीपर्यंत परत उभी राहायची. धरणासाठी घरांची यादी झाली तेव्हा ती पंतांच्या वडिलांनी लिहिली, गावचं दप्तर त्यांच्याकडंच असायचं. त्यांनी खालच्या आळीपुढं लिहिलं, तात्पुरत्या झोपड्या. यादीत नाव नाही म्हणून नव्या गावात जागा नाही. वरच्यांना नवं गाव मिळालं, आम्ही बारा घरं शहरात आलो आणि मुकुंदवाडीला रुळाच्या कडेला राहिलो.

पुढं बऱ्याच वर्षांनी पंतांनी नव्या गावाला जुन्या गावाचं मॉडेल करून दिलं. मोठ्या पलंगाएवढं. देऊळ, कळस, घरं, ओसऱ्या, आडावर पाणी शेंदणाऱ्या बाया, सगळं रेझीनचं. भैरोबाच्या सभामंडपात ते ठेवलं. यात्रेला मी आईला घेऊन बघायला गेले. आईनं नदी शोधली, नदीवरून बोट सरकवत आमच्या जागेवर आणलं. तिथं हिरवंगार रान होतं आणि दोन गायी होत्या. आई म्हणाली, "गिरजे, आपल्या घरात गुरं चरायलेत." एवढंच म्हणाली आणि नारळ फोडायला गेली. ती मरेपर्यंत त्या गावाच्या यात्रेला परत गेली नाही.

मला एकच हवं होतं. खालची आळी होती, हे त्या गावातल्या कोणीतरी चारचौघांत तोंडानं म्हणावं. जागा नको, पैसा नको, त्याचा काळ गेला होता. म्हणावं फक्त.

पोट भरायला मी त्याच पंतांकडं जाईन असं वाटलं नव्हतं. पण चिकलठाण्याला ज्या कारखान्यात मी पॅकिंगला होते तो बंद पडला, आणि कोणीतरी सांगितलं की विमानतळामागं एका शेडमध्ये बारीक कामाला बाई पाहिजे. गेले तर समोर पंत. उंच, हडकुळे, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि शर्टाच्या खिशात लहान पोरांचे दात घासायचे तीन ब्रश.

"कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मी गाव सांगितलं.

"खालच्या आळीची का?"

"व्हय."

म्हणजे तोंडानं ते आळी म्हणत होते. मॉडेलवर मात्र रान. हे मी तेव्हाच गाठीला बांधून ठेवलं.

त्यांनी मला ती घागरवाली बाई दिली. अंगावर लाल रंगाचा जाड थर. "हिचा रंग काढ. बाई जशी होती तशी पाहिजे." कसा काढायचा ते सांगितलं नाही. टेबलावर थिनरची बाटली होती. घराच्या दाराचा रंग थिनरनं निघतो हे मला माहीत होतं, म्हणून बाईला थिनरच्या वाटीत बुडवलं. पंत मागं उभे राहून बघत होते. हात मऊ झाला, लांबला, ओघळला. तोपर्यंत ते काही बोलले नाहीत.

"तुम्हाला दिसत होतं तर बोलायचं ना," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर विसरली असतीस. आता मरेपर्यंत विसरणार नाहीस."

खरं आहे, विसरले नाही. त्यांनाही नाही.

शेडमध्ये काम चालायचं ते बिल्डर लोकांचं. शहर तेव्हा चारी बाजूंनी सुटलं होतं. बीड बायपासला, सातारा परिसरात, जालना रोडला, जिथं काल ज्वारी होती तिथं आज पाटी. बिल्डर इमारत बांधायच्या आधी तिचं खेळण्याएवढं रूप करून ऑफिसात काचेखाली ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला रिकाम्या जमिनीवर घर दिसायला लागतं. त्यात माणसं, झाडं, मोटारी, बाल्कनीचे कठडे, सगळं साच्यात ओतलेलं. रेझीन घट्ट झालं की दगडासारखं असतं, पण हात, काठी, कठडा असं बारीक काही असलं की बिस्किटासारखं मोडतं. एक योजना संपली किंवा बुडली की मॉडेल परत यायचं. पंत त्यातली माणसं काढून घ्यायचे, मी त्यांचा रंग उतरवायचे, आणि तीच माणसं नव्या कपड्यांत दुसऱ्या सोसायटीत राहायला जायची. एक बाबागाडी ढकलणारी बाई होती. माझ्या हातून ती नऊ वेळा धुऊन निघाली, नऊ सोसायट्यांत राहिली. मी तेवढ्या वर्षांत पत्र्याच्या एकाच खोलीत होते.

काम शिकवायची पंतांची पद्धत म्हणजे शिव्या. पण काम पक्कं होतं, ते नाकारत नाही. थिनर त्यांनी कुलपात ठेवला. जखम धुवायचं ते पिवळसर औषध असतं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं, ते पाणी न घालता झाकणाच्या बरणीत ओतायचं आणि त्यात माणसं बुडवून ठेवायची. आधी तळाला, कोणाला दिसणार नाही तिथं, एक थेंब लावून बघायचा. रेझीन सगळं सारखं नसतं, एखादं मऊ पडतं. बारीक हातपाय असले तर दर अर्ध्या तासानं बाहेर काढून बघायचं. रंग सुरकुतला की पोरांच्या ब्रशनं काढायचा, आणि ब्रश अंगाकडून बोटांकडं फिरवायचा, आडवा कधीच नाही. खाचेत राहिलेला रंग दात कोरायच्या लाकडी काडीनं काढायचा, सुई लावायची नाही. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे घाईनं पाण्यात धुणं. औषधात मऊ झालेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा डांबरासारखा चिकटा होतो आणि तो पुन्हा निघत नाही. म्हणून आधी ताज्या औषधात विसळायचं, मग साबणाच्या गार पाण्यात. गरम पाणी नाही, माणसं वाकतात. वाळवायचं सावलीत.

"रंग लावायला काय, माकडालाही येतो," ते म्हणायचे. "काढून दाखवायला माणूस लागतो."

हातमोजे त्यांनीच आणून दिले, माझं टेबलही खिडकीशी लावलं. मला बरं वाटलं तर म्हणाले, "त्या वासानं तू मेलीस तर दुसरीला शिकवण्यात माझं वर्ष जाईल."

एक गोष्ट होती, ते मोठ्या लोकांशीही असंच बोलायचे. एकदा एक बिल्डर मॉडेल बघायला आला. पांढरे बूट, मागं दोन माणसं. त्याला पोहण्याचा तलाव आणखी निळा पाहिजे होता. त्या वर्षी शहरात नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं.

"अजून निळा करतो," पंत म्हणाले. "टँकर पण ठेवू का एक, गेटजवळ? लाल रंगाचा. लई शोभंल."

"पंत, मस्करी करू नका हो. गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटलं पाहिजे."

"मग गिऱ्हाइकाला सांगा, प्रसन्न आहे तोवर अंघोळ करून घे."

बिल्डर हसला, कारण त्याला मॉडेल हवं होतं. मी पण खाली मान घालून हसले. पंतांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तुला काय झालं? त्या तलावातला रंग उद्या तुलाच खरवडायचाय."

आणि हाच माणूस पाण्याच्या बाबतीत कसा होता तेही ऐका. शेडमध्ये दोन ड्रम होते. एक प्यायचा, एक धुवायचा. धुवायच्या पाण्यासाठी एक स्टीलचा पेला होता, एका बरणीला दोन पेले, तिसरा मागितला की भिंग डोळ्याला लावून माझ्याकडं बघायचे. पुढं सलग दुसरं दुष्काळाचं वर्ष लागलं. उन्हाळा लागायच्या आधीच टँकरचा पत्ता नसायचा. एका सकाळी मागच्या वस्तीतल्या तीन बाया घागरी घेऊन शेडच्या दारात आल्या. घागरभरच मागत होत्या, प्यायला. मी पंतांकडं बघितलं.

"ते धुवायचं पाणी आहे," ते म्हणाले.

"स्वच्छ आहे की. सकाळीच भरलंय."

"धुवायचं आहे म्हटलं ना. सांग त्यांना."

दार लावायला त्यांनी मला पाठवलं, स्वतः उठले नाहीत. त्यातली एक बाई मला म्हणाली, "मावशे, तू तरी अशी करू नको." मी दार लावलं. टेबलाशी येऊन बसले तर समोर ती घागरवाली टांगलेली. त्या दिवशी पाच माणसं धुतली, बागेत फिरायला निघालेली. ते दार लावणं मी पंतांच्या नावावर ठेवलंय, पण कडी माझ्या हातानं लागली, तेही विसरले नाही.

त्याच वर्षी पौषात धरणाचं पाणी उतरलं आणि जुनं गाव वर आलं. आधी देवळाचं जोतं, मग आड, मग घरांचे पाये. पैठणच्या बाजूनं माणसं गाड्या करून बघायला यायला लागली. नव्या गावाच्या लोकांना एकदम जुन्या गावाचा पुळका आला. आणि मग त्यांना सभामंडपातलं मॉडेल आठवलं.

सरपंच अंबादास टेम्पोत घालून ते शेडला घेऊन आला. बरोबर देवळाचा पुजारी बाळू गुरव. पंतांनी वरची चादर काढली आणि भिंग डोळ्याला लावलं. दरवर्षी यात्रेच्या आधी देवळाला रंग द्यायचा, आणि डब्यात उरलेला रंग मॉडेलला फासायचा, असा त्या गावानं रिवाज पाडला होता. कधी पिवळा, कधी गेरू, कधी दाराचा निळा. वीसेक थर बसले असतील. आडावरच्या बायांची ढेकळं झाली होती. कळस म्हणजे वितळलेली मेणबत्ती.

"हे कोणी केलं?" पंत हळू आवाजात म्हणाले.

"दरवर्षी करतो की, पंत," बाळू गुरव म्हणाला. त्याला वाटलं शाबासकी मिळतेय. "एक साल चुकवलं नाय. देवाच्या रंगातलाच रंग देतो, वेगळा नाय."

"तुझ्या तोंडाला दिला असतास तर गावाचं भलं झालं असतं."

अंबादास मधे पडला. चैत्रात यात्रा, यंदा जुनं गाव उघडं पडल्यानं लांबून लोक येणार, तोवर मॉडेल नव्यासारखं पाहिजे. पंत म्हणाले, "ठेवा आणि जा." ते गेल्यावर माझ्याकडं वळले. "एक बोट मोडलं तर त्या खिळ्यावर तुला टांगीन."

अडीच महिने मी तेवढंच केलं. प्रत्येक घर दोन पितळी पिनांवर बसवलेलं होतं आणि पिना खालच्या जमिनीतल्या दोन भोकांत जायच्या. मी एकेक घर उपटायचे, तळाला आकडा टाकायचे, बरणीत सोडायचे. थरामागून थर सुटत गेले. निळ्याखाली गेरू, गेरूखाली पिवळा, सगळ्यांत खाली पंतांचा हात. मग ओसरीचे खांब दिसले, खिडक्यांचे गज, आडावरच्या बाईच्या कपाळावरचं कुंकू. कुंकू मोहरीएवढंसुद्धा नव्हतं. ते बघून मला राग आला. एवढं कुंकू ज्याला लक्षात राहिलं त्याला बारा घरं राहिली नव्हती.

जमीनही चार तुकड्यांत रेझीनचीच ओतलेली होती. नदीकाठचा तुकडा मी शेवटी घेतला. दोन गायी काढल्या. औषधात भिजवलेला कापूस पसरून ठेवला, अर्ध्या तासानं ब्रश फिरवला. हिरवा सुटला, आणि हिरव्याबरोबर लांबीचे बारीक खडे सुटून ब्रशला आले. सुताराला फट बुजवायला लागते ती लांबी. तिच्या जागी भोक. मग शेजारी दुसरं. मी सगळा कापूस काढला आणि तुकडा पूर्ण धुऊन घेतला. दोन दोनच्या जोडीनं चोवीस भोकं होती. नदीच्या काठानं वाकडी ओळ, शेवटचं घर जरा वर चढलेलं. आमची आळी तशीच होती.

म्हणजे पंत विसरले नव्हते. त्यांनी बाराही घरं केली होती, बसवली होती, आणि नंतर उपटून भोकं बुजवली होती.

मी तो तुकडा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ते भिंग न लावता बघत राहिले.

"बुजव," ते म्हणाले.

"घरं कुठायत?"

"तुला रंग काढायला ठेवलंय, चौकशीला नाही."

"मग बुजवायला पण ठेवलं नाय. मी रंग काढला. माझं काम झालं."

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा असं बोलले. मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी उजवा हात दुसऱ्या हातानं टेबलावर दाबून धरला. वयानं तो हलायचा.

"अंबादासच्या बापानं सांगितलं," ते म्हणाले. "तो सरपंच होता तेव्हा. यादीत नसलेली घरं मॉडेलवर दाखवली तर उद्या कोणी उठून जागा मागंल."

"आणि तुम्ही काढली."

"यादी माझ्या बापाच्या हातची आहे. बापाला खोटं पाडू?"

"घरं होती का नव्हती?"

"तात्पुरती होती. तात्पुरत्या घराचं मागं काही राहत नाही. जाऊन बघ, गाव उघडंय. आमच्या घराचं जोतं आहे, पाटलांचं आहे. तुमचं काय आहे?"

"काढलेली कुठं टाकली?"

"डब्यात होती. शेड बदलली तेव्हा डबा गेला."

मंगळवारी मी कामावर गेले नाही. सकाळच्या एसटीनं पैठणच्या रस्त्याला उतरले आणि भेगाळलेल्या गाळातून तासभर चालले. देवळाच्या जोत्यावर लोक फोटो काढत होते. मी खाली उतरले. खरंच भिंत नव्हती, दगड नव्हता. चाळीस वर्षं पाण्याखाली मातीची भिंत राहत नाही. पण चालता चालता पायाला गोल काहीतरी लागलं. वाकून गाळ काढला तर उखळ. आमच्याकडं घर बांधलं की आधी जमिनीत दगडी उखळ गाडायचे, मग भिंती उठायच्या. भिंती वाहून जातात, उखळ जाग्यावर राहतं. आई पुरानंतर उखळ शोधायची आणि त्यावरून घर परत बांधायची. मी पुढं गेले, दुसरं मिळालं. नऊ मिळाली. तीन गाळात खोल असतील.

आमच्या उखळातला गाळ हातानं उपसत बसले होते तेव्हा अंगावर सावली पडली. वर बघितलं तर पंत, छत्री घेऊन. ते वर आपल्या जोत्याशी आले असणार आणि तिथून मला बघून उतरले असणार. त्यांनी उखळाकडं बघितलं. मग पुढच्या उखळाकडं, मग त्याच्या पुढच्या.

मला वाटलं आता तरी काही बोलतील.

"मंगळवारी सुट्टी कोणाला विचारून घेतलीस?" ते म्हणाले.

"कोणाला नाय."

"सांगून जायची रीत असते," असं म्हणून ते वर चढून गेले.

मॉडेलला रंग पंतांनी स्वतः दिला. मनगटाखाली वाळूची पिशवी घेऊन, श्वास धरून, रोज थोडा थोडा. नदीकाठचा तुकडा परत आला तेव्हा मी आधी तोच बघितला. हिरवा नव्हता, वाळूचा रंग होता. गायी नव्हत्या. भोकं उघडी होती. लोकांनी डोळ्यांनी वाळू बघितली होती, आता तिथं हिरवं रंगवून चाललं नसतं, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला. घरं नव्हतीच. नुसती भोकं कोणाला काय सांगणार?

यात्रेला मी गेले. आई नव्हती, म्हणून एकटीच. सभामंडपात ही गर्दी. मॉडेल मधोमध ठेवलेलं, उन्हात भिजवून काढल्यासारखं लख्ख. लोक वाकून आपापली घरं दाखवत होते. मी नदीच्या बाजूला गेले आणि बघतच राहिले. आमच्या आळीत अगरबत्त्या लावल्या होत्या. एका भोकात एक, चोवीस. धूर निघत होता आणि राख पितरांच्या पानावर सांडावी तशी वाळूच्या रंगावर सांडत होती. लोक येत होते, जळून गेलेली काडी काढून नवी खोचत होते, हात जोडत होते. बाळू गुरव बाजूला उभा राहून सांगत होता, "इथं लावा, इथं. जागा केलेली हाय."

मी त्याला म्हणाले, "ही जागा कशाची आहे माहीताय का?"

"अगरबत्तीची," तो म्हणाला. "पंतांनी सोय करून दिलीय. बारीक काम हाय त्यांचं."

तेवढ्यात पंत आले. धोतर, धुतलेला सदरा, गळ्यात भिंग होतंच. सरपंच अंबादास त्यांना हाताला धरून आणत होता, सत्कार करायचा होता. हार तयार होता. पंतांची नजर मॉडेलवर गेली आणि त्यांनी अंबादासचा हात झटकला. एका काडीचा निखारा रेझीनला टेकला होता, तिथं काळा डाग पडून कड वितळायला लागली होती.

"अरे बाळ्या," ते ओरडले, "अक्कल गहाण टाकलीस का? लोकांच्या घरात विस्तव खोचतोस?"

अंबादास हळूच म्हणाला, "पंत, कोणाचं घर? तिथं तर वाळू हाय."

पंतांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ते वाकले आणि काड्या उपटायला लागले, दोन दोन.

"हे सखारामचं. हिच्या बापाचं," माझ्याकडं हात करून म्हणाले. दोन काड्या उपटून खाली टाकल्या. "हे त्याच्या भावाचं, लक्ष्मणचं. हे यसूचं, एकटी राहायची, तीन बकऱ्या होत्या. बकऱ्यांच्या नावानं शिव्या द्यायची ते आमच्या ओसरीवर ऐकू यायचं. हे किसनचं, दारात शेवगा होता. हे धोंडूचं. हे धोंडूच्या जावयाचं, पावसाळ्यात पडायचं, दरवर्षी बांधायचा..."

बारा घरं त्यांनी ओळीनं म्हटली. एकही चुकलं नाही, एकही पुढंमागं झालं नाही. आवाज सगळा वेळ चिडलेला होता, पोरांना रागं भरल्यासारखा. शेवटचं घर वरच्या अंगाचं, तिथल्या काड्या उपटून ते उभे राहिले.

"यादीत नव्हती ही," अंबादास म्हणाला.

"यादी माझ्या बापानं केली होती," पंत म्हणाले. "यादीत नव्हती. गावात होती."

मग त्यांनी खिशातला पोरांचा ब्रश काढला आणि राख झाडायला लागले, अंगाकडून बाहेर, आडवा नाही. अंबादास हार घेऊन उभाच राहिला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारी एक म्हातारी होती पाटलांच्या आळीतली, ती म्हणाली, "यसूच्या बकऱ्या होत्या खऱ्या. आमचं कोथिंबिरीचं वाफं खायच्या." आणि आणखी दोघं तिघं किसनच्या शेवग्यावर बोलायला लागले.

मला जे हवं होतं ते मिळालं, तेही असं, शिव्या देत, काड्या फेकत. मी त्यांचे आभार मानले नाहीत. बाराची बारा नावं तोंडपाठ असताना वीस-पंचवीस वर्षं तो माणूस गप्प बसला होता. आईच्या हयातीत बोलला असता तर मानले असते.

घरं काही परत बसली नाहीत. भोकं अजून आहेत, काळ्या डागासकट. कोणी अगरबत्ती खोचायला गेलं की बाळू गुरव आता अंगावर धावून जातो.

त्या दिवशी पंत यात्रेच्या मांडवातून बाहेर पडले तेव्हा मी एसटीची वाट बघत रस्त्याला उभी होते. अंबादासची जीप नाकारून तेही तिथंच येऊन उभे राहिले, छत्री उघडून, माझ्यापासून चार हात लांब. बोटांना राख होती. एसटी आली. चढताना मागं न बघता म्हणाले, "सोमवारी उशीर नको. त्या बिल्डरच्या तलावाचा निळा काढायचाय."

सोमवारी मी दहा मिनिटं उशिरा गेले, मुद्दाम. पंत दारातच घड्याळ बघत उभे होते.

"दहा मिनिटं," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले, आणि वितळलेल्या बाईचं तोंड बघून कामाला लागले.